भूमिगत धातूंचा शोध (भाग ४) : कॉइल कशी निवडावी, तोल कसा साधावा?

वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळीबार झाला. एक गोळी शरीरातच राहिली. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षं अवकाश होता, त्यामुळे ती नेमकी कुठे अडकली आहे हे डॉक्टरांना कळेना. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल मदतीला धावले. त्यांच्या उपकरणात तारेच्या दोन चपट्या गुंडाळ्या होत्या आणि कानाला लावायला टेलिफोन. गुंडाळ्या एकमेकींवर सरकवत अशा जागी आणायच्या, की टेलिफोनमधला आवाज बंद पडावा. मग जवळपास धातू आला की ती शांतता मोडायची आणि आवाज उमटायचा.

आधीच्या चाचण्यांत उपकरण चाललं, पण राष्ट्राध्यक्षांच्या बिछान्यापाशी फसलं. मुख्य डॉक्टर ब्लिस यांच्या मते गोळी उजव्या बाजूला होती, म्हणून शोधही तिथेच झाला. प्रत्यक्षात ती डावीकडे होती. त्यातच गादीखाली पोलादी तारांचं जाळं असल्याचं बेल यांना नंतर समजलं. १९ सप्टेंबरला गारफील्ड यांचं निधन झालं.

आजच्या डिटेक्टरची सगळी मदार याच शांततेवर आहे. मागच्या भागात आपण यंत्राचा वरचा डबा पाहिला. आज दांड्याच्या टोकाची तबकडी, म्हणजे कॉइल. डिटेक्टर घेताना लोक पडदा आणि किंमत पाहतात, कॉइल जी सोबत येईल ती चालवून घेतात. वास्तविक जमिनीशी संबंध येतो तो कॉइलचाच. ती चुकीची असेल किंवा तिचा तोल ढळलेला असेल, तर वरचं महागडं यंत्रही आंधळंच राहतं.

तबकडीच्या आत साधारणपणे दोन गुंडाळ्या असतात. एक प्रक्षेपक, दुसरी ग्राहक. प्रक्षेपक गुंडाळीतून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह वाहतो आणि भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. जमिनीतल्या नाण्यात त्यामुळे भोवरी प्रवाह निर्माण होतात, त्यांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र उठतं आणि ग्राहक गुंडाळी ते टिपते. अडचण अशी, की प्रक्षेपकाचं क्षेत्र शेजारच्या ग्राहक गुंडाळीतूनही जातं आणि नाण्याच्या प्रतिसादापुढे ते प्रचंड असतं. ते आधी शून्यावर आणावं लागतं. कॉइलचा तोल म्हणतात तो हाच.

हे साधतं कसं? प्रक्षेपक गुंडाळीच्या आत क्षेत्राच्या रेषा एका दिशेने जातात आणि बाहेर उलट दिशेने परततात. ग्राहक गुंडाळीचा थोडा भाग आत आणि उरलेला बाहेर ठेवला, की एका विशिष्ट जागी दोन्ही परिणाम एकमेकांना रद्द करतात. घरी कॉइल बनवणारे हौशी कारागीर ग्राहक गुंडाळी ऑसिलोस्कोपला जोडतात आणि ती हळूहळू सरकवत पडद्यावरची लाट किमान झाली की थांबतात. इथे मिलिमीटरच्या अंशानेही फरक पडतो. जागा सापडली की इपॉक्सी ओतून गुंडाळ्या पक्क्या करायच्या. पण इपॉक्सी घट्ट होताना तापते, त्यात तोल पुन्हा किंचित हलतो. म्हणून तारेचा एक छोटा फास मोकळा ठेवतात, तो वाकवून शेवटची दुरुस्ती करतात आणि मगच तबकडी कायमची बंद करतात. गुंडाळ्यांवर ग्रॅफाइटचा लेपही देतात, म्हणजे गवताच्या स्पर्शाने खोटे आवाज येत नाहीत. मात्र त्या लेपात एक फट सोडावी लागते, नाहीतर लेपाचंच बंद कडं होतं आणि तेच धातूसारखं वागतं.

आता निवड. समकेंद्री कॉइलमध्ये मोठ्या वर्तुळाच्या आत लहान वर्तुळ असतं. तिचं शोधक्षेत्र उलट्या शंकूसारखं खाली निमुळतं होत जातं. वस्तूची नेमकी जागा ती छान दाखवते, पण खोलवरचा पट्टा अरुंद असल्याने प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर बरीच चढवावी लागते. डबल-डी कॉइलमध्ये इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या दोन गुंडाळ्या मध्यभागी एकमेकींवर येतात. तिचं क्षेत्र मध्यरेषेवर पात्यासारखं उभं असतं, त्यामुळे एका फेरीत जास्त जमीन तपासली जाते आणि लोहयुक्त मातीचा त्रासही कमी होतो. पल्स इंडक्शन यंत्रांवर बहुधा मोनो कॉइल लावतात. तिथे एकच गुंडाळी आधी स्पंद सोडते आणि मग त्याचा प्रतिसाद ऐकते.

व्यासाच्या बाबतीत नवखे हमखास फसतात. मोठी कॉइल म्हणजे मोठा खजिना, असा हिशेब ते मांडतात. कॉइलच्या व्यासाच्या मानाने वस्तू बरीच खोल असेल, तर क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं आणि परतीच्या वाटेवर तितकंच पुन्हा घटतं. म्हणजे खोली दुप्पट झाली की संकेत चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. पंधरा इंची कॉइल मोठी वस्तू खोलवर हेरते, पण वजनाने हात भरून येतो आणि मातीचा गोंगाटही ती अधिक ओढते. गंजक्या खिळ्याशेजारी चांदीचं नाणं असेल, तर मोठ्या कॉइलखाली दोन्ही एकाच वेळी येतात आणि खिळा नाण्याला झाकून टाकतो. जुन्या वस्तीच्या कचऱ्यात पाच-सहा इंची कॉइलच दोघांना वेगळं करते. एकच कॉइल घ्यायची असेल, तर अकरा इंचांच्या आसपासची डबल-डी घ्यावी.

कारखान्यात कॉइलचा तोल साधला, तरी जमिनीशी तो दर वेळी नव्याने साधावा लागतो. धातू नसलेली जागा शोधायची, कॉइल जमिनीपासून फूटभर उंचीवरून दोन-तीन इंचांपर्यंत वर-खाली करायची आणि आवाज स्थिर राहील असं बटण जुळवायचं. खाली नेताना आवाज चढत किंवा पडत असेल, तर तोल जुळलेला नाही. शेताच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं तरी हे पुन्हा करावं लागतं.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांताची लोहयुक्त लाल माती याबाबत कुप्रसिद्ध आहे. तिथेच, किंगोवर गावाजवळ, १९८० साली २७.२ किलोंचा ‘हँड ऑफ फेथ’ हा सोन्याचा गोळा डिटेक्टरने सापडला. महाराष्ट्राची जमीनही सोपी नाही. दख्खनच्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं आणि कोकणच्या किनाऱ्यावर जागोजागी काळी, जड वाळू आढळते. ओल्या किनाऱ्यावर खाऱ्या पाण्याची विद्युतवाहकता आणखी भर घालते. तिथे एकाच वारंवारतेच्या यंत्रापेक्षा बहुवारंवारतेचं किंवा पल्स इंडक्शन यंत्र बरं.

संकेत मिळाल्यावर काय करावं, याचा वस्तुपाठ इंग्लंडमधल्या हॉक्सन गावात मिळतो. नोव्हेंबर १९९२ मध्ये एरिक लॉज हे एका शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते. हाती लागली रोमन काळातली नाणी आणि चांदीच्या वस्तू. सगळं उकरण्याचा मोह आवरून त्यांनी खोदणं थांबवलं आणि कळवलं. त्यामुळेच सुमारे पंधरा हजार नाणी, दागिने आणि चमचे लाकडी पेटीत कसे रचले होते, हे पुरातत्त्वज्ञांना समजू शकलं.

भारतात १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. संरक्षित किल्ले, लेणी आणि उत्खननस्थळं यांच्या परिसरात विनापरवाना खोदणं हा गुन्हा आहे. तेव्हा कॉइल कुठलीही घ्या, पण जमीनमालकाची परवानगी घेतल्याशिवाय ती फिरवू नका. जुनं काही दिसलं की हात थांबवा, जागा नोंदवा आणि प्रशासनाला कळवा.

(पुढील भागात : आवाजावरून धातूची ओळख)