मूल अडते ते कोठे?

परीक्षेचा निकाल लागला की एक वाक्य घरोघर ऐकू येते : "पोराचे डोके चालत नाही, त्याला शेतावर घाला." एवढ्या एका वाक्याने एका आयुष्याचा निकाल लागतो. मूल नेमके कोठे अडले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. मग मुलाच्या बुद्धीविषयी मात्र न तपासता निर्णय द्यावा, हे न्यायाचे आहे काय?

अशी तपासणी करण्याचेही एक शास्त्र आहे. मुंबईत मानखुर्द येथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र नावाची संस्था आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छत्राखाली ती १९७४ साली सुरू झाली. तिचे पहिले संचालक डॉ. व्ही. जी. कुलकर्णी हे मूळचे पदार्थविज्ञानाचे संशोधक. परंतु मुले विज्ञानात मागे का पडतात, हे शोधण्यासाठी या मंडळींनी प्रयोगशाळेचा उंबरठा ओलांडला आणि आरंभीच्या काळातच एक ग्रामीण क्षेत्र निवडले. ते क्षेत्र म्हणजे आपल्या बऱ्हाणपूरला लागून असलेल्या रावेर तालुक्यातील खिरोदा!

पुढे या केंद्राने मराठी शाळांतून भाषेचा प्रश्न हाती घेतला. पाठ्यपुस्तकातील विज्ञान तेच ठेवले, मात्र बोजड वाक्ये आणि अनोळखी शब्द काढून सोपी मराठी योजिली. तेव्हा मुलांची प्रगती सुधारलेली दिसून आली. म्हणजे पुष्कळदा मूल विज्ञानाशी अडलेले नव्हतेच. ते पुस्तकाच्या भाषेशी अडले होते.

असा शोध एकट्या विद्येच्या बळावर लागत नाही. विषय जाणणारा हवा, मुलाचे मन जाणणारा हवा, भाषा जाणणारा हवा आणि आकड्यांची पारख असणाराही हवा. म्हणूनच या केंद्रातील पीएच.डी.च्या अभ्यासक्रमास केवळ शिक्षणशास्त्राचेच नव्हे, तर विज्ञान, गणित, अभियांत्रिकी, मानसशास्त्र अशा निरनिराळ्या शाखांचे पदवीधर येतात. प्रवेशपरीक्षा आणि मुलाखत होऊन निवड होते व शिष्यवृत्ती मिळते. मग काही वर्षे ते एकमेकांची विद्या शिकतात, वर्गात बसून मुलांचे बोलणे ऐकतात आणि आपले मत पुराव्यावर घासून पाहतात.

पुराव्यावर घासणे म्हणजे काय, हे दुसऱ्या एका उदाहरणाने स्पष्ट होईल. 'प्रथम' या संस्थेने मुंबई व बडोदे येथील शाळांत 'बालसखी' नेमल्या होत्या. मागे पडलेली पंधरा-वीस मुले घेऊन वस्तीतीलच एखादी तरुणी त्यांस रोज दोन तास वाचन आणि अंकगणित शिकवीत असे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात या योजनेची परीक्षा केली. कोणत्या शाळेतील कोणत्या इयत्तेस बालसखी द्यावी, हे सोडतीप्रमाणे ठरविले, म्हणजे तुलना निःपक्षपाती होईल. बालसखीकडे गेलेल्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. उलट, ती मुले बाहेर गेल्याने ज्यांचा वर्ग लहान झाला, त्यांस मात्र तेवढ्याने काही लाभ झालेला दिसला नाही. योजना संपल्यावर वर्षभराने पाहिले, तर मिळविलेलेही बरेचसे ओसरले होते. हे गोड आणि कडू दोन्ही निष्कर्ष त्यांनी जगापुढे मांडले. बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या मातोश्री मराठी घरातल्या. त्यांना, डुफ्लो यांना व मायकेल क्रेमर यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या प्रकारच्या कसोट्यांचाच तो गौरव होता.

आता आपल्या तुकईथडच्या परिसराकडे पाहा. कोणाच्या घरी कोरकू, कोणाच्या घरी मराठी, बाजारात मिश्र बोली आणि शाळेत हिंदी पुस्तक. खिरोद्याहून हे गाव फार दूर नाही. पण येथील मूल दोन-तीन भाषांचे ओझे घेऊन पहिलीत पाऊल टाकते. कोरकू घरातील मुलीस गणित येत नाही, की गणिताचा प्रश्नच उमगत नाही? याचे उत्तर केवळ तर्काने मिळणार नाही. कोणीतरी शेजारी बसून तिला तिच्या बोलीत विचारले पाहिजे, आणि मिळालेले उत्तर नोंदविले पाहिजे.

आईबापांनो, मुलाचा निकाल हाती आला की प्रथम त्याला जवळ घ्या आणि विचारा, "बाळ, कोणता शब्द कळला नाही?" गुरुजींनाही हाच प्रश्न आदराने विचारा. आणि तुमच्या घरातील एखादी मुलगी वा मुलगा विज्ञानात वा गणितात एम.एस्सी. होईल, तेव्हा त्याच्यासमोर हीही वाट आहे हे ध्यानात असू द्या. मुलाच्या मनाचे दार त्याच्याच भाषेच्या किल्लीने उघडते. ती किल्ली आपल्या लेकरांच्या हाती उपजतच आहे. तिला विद्येची जोड तेवढी हवी.