माडीवरच्या दोन खोल्या

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ती रचणाऱ्याने घर कधी भाड्याने दिलेले नसावे. अन्यथा ‘भाडेकरू पाहावा ठेवून’ हे तिसरे चरण त्याने खचित जोडले असते.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव अशा गावी पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची स्थावर मालमत्ता म्हणजे बहुधा एक राहते घर. मुले नोकरीनिमित्त परगावी गेली की माडी रिकामी पडते आणि खाली राहणाऱ्या वृद्ध दांपत्याला तिच्या भाड्याचा आधार वाटू लागतो. अशा लहान घरमालकांसाठीच हे चार शब्द आहेत. ते लिहिण्याचा अधिकार मला एका चुकीने दिला आहे, म्हणून ती चूक आधी सांगतो.

माझी आत्या इंदूरच्या जुन्या वस्तीत राहत असे. यजमान वारल्यावर, १९९८ साली, तिने माडीवरच्या दोन खोल्या भाड्याने देण्याचे ठरविले. मी नुकताच शिक्षक झालो होतो. घरातला शिकलेला म्हणून तिने माझा सल्ला घेतला. बिऱ्हाडकरू निवृत्त कारकून, बोलण्यात मृदू. मी म्हणालो, “आत्या, माणूस सज्जन आहे. कागदाचा आग्रह धरून त्याचा अपमान कशाला करायचा?” भाडे महिना नऊशे रुपये ठरले, तेही तोंडी. पावती कधी दिली नाही, कधी कोणी मागितली नाही.

माणूस खरोखरच सज्जन होता. सहा वर्षांनी तो वारला. त्याच सुमारास आतेभावाचा परगावचा कारखाना बंद पडला आणि तो बायकामुलांसह परतला. खोल्या मागितल्या तेव्हा त्या गृहस्थांचा मुलगा म्हणाला, “ही जागा आम्हांला कायमची राहायला दिली आहे, असे बाबा सांगत.” तो खोटे बोलत होता असे मला आजही ठामपणे म्हणवत नाही. आत्या कदाचित आपुलकीने तसे काही बोललीही असेल. प्रकरण दिवाणी न्यायालयात गेले. विधवा, निवृत्त सरकारी नोकर, अपंग अशा घरमालकांना स्वतःच्या गरजेसाठी जागा लवकर परत मिळावी म्हणून मध्य प्रदेशच्या कायद्यात १९८३ साली वेगळी तरतूद झाली होती. ती आम्हांला कोणी सांगितली नाही आणि आम्हीही कोणाला विचारले नाही. खोल्या २०११ साली मोकळ्या झाल्या. आत्या त्याच्या आदल्या वर्षीच गेली होती. तिचा मुलगा सात वर्षे त्याच गावात भाड्याच्या घरात राहिला.

यावरून जे शिकलो ते असे. तोंडी शब्द बोलणाऱ्याबरोबर जातो. कागद मागे राहणाऱ्यांसाठी असतो. म्हणून सज्जन माणसाशी तर कागद अवश्य करावा.

पहिली गोष्ट हिशेबाची. आठ हजार रुपये भाडे म्हणजे वर्षाला शहाण्णव हजार, असे आपण बोटांवर मोजतो. पण एक बिऱ्हाड गेल्यावर दुसरे येईतो महिनाभर जागा रिकामी राहते. रंग, नळ, गळती यांत आणखी एका महिन्याचे भाडे जाते. शिवाय घरपट्टी आहेच. तेव्हा वर्षाला दहाच महिन्यांचे भाडे धरून संसाराची आखणी करावी. आयकराच्या बाबतीत मात्र एक सवलत ध्यानात ठेवावी. मिळालेल्या भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के वजावट मिळते आणि तिच्यासाठी दुरुस्तीच्या पावत्या लागत नाहीत. अठ्ठ्याऐंशी हजार भाडे हाती आले आणि चार हजार घरपट्टी भरली, तर चौऱ्याऐंशी हजारांवर पंचवीस हजार दोनशे वजा होऊन अठ्ठावन्न हजार आठशे रुपयेच उत्पन्नात धरले जातात. निव्वळ भाड्यासाठी कर्ज काढून दुसरे घर घेणाऱ्यांनीही हे गणित आधी मांडावे. चाळीस लाखांच्या घराला महिना बारा हजार भाडे आले, तर सगळा खर्च वजा करण्यापूर्वीच ते वर्षाला शेकडा साडेतीन-पावणेचार पडते. त्यातून कर्जाचा हप्ता फिटत नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची, आणि ती आपल्यासारख्यांस विशेष लागू आहे. पुण्यामुंबईचे आप्त आपला करारनामा मोठ्या प्रेमाने पाठवितात आणि आपण नावे बदलून तो उतरवून घेतो. तसे करू नये. भाड्याचे कायदे राज्याराज्यांचे निराळे आहेत. महाराष्ट्राने आपला कायदा १९९९ साली केला. तेथे अकरा महिन्यांच्या करारालाही नोंदणी सक्तीची आहे. मध्य प्रदेशाने १९६१ साली, गोव्याने १९६८ साली आपापले कायदे केले. केंद्राने २०२१ साली एक आदर्श कायदा मंजूर केला. त्यात राहत्या जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी असे म्हटले आहे. परंतु राज्याने स्वीकारल्यावाचून तो लागू होत नाही. म्हणून एकदा स्थानिक वकिलाची फी भरावी. ती आम्ही वाचविली होती.

एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या कायद्याने आवश्यक आहे. ती टाळण्यासाठी अकरा महिन्यांची प्रथा पडली. पण अकरा महिने संपले की भाडेकरू आपोआप निघतो, हा भ्रम आहे. भाडे नियंत्रणाचा कायदा लागू असेल तेथे मुदत संपल्यावरही कायद्याने सांगितलेले कारण दाखवावेच लागते.

तिसरी गोष्ट प्रत्यक्ष किरायानाम्याची. भाडे किती, कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे, दरवर्षी किती वाढ, अनामत किती व ती कधी परत करायची, वीज-पाणी कोणी भरायचे, कोण कोण राहणार, जागा सोडण्याची सूचना किती दिवस आधी द्यायची, हे सर्व त्यात स्वच्छ लिहावे. पंखे, दिवे, नळ, किल्ल्या यांची यादी करून दोघांनी सह्या कराव्यात. विजेचा मीटर स्वतंत्र असावा आणि पहिल्या दिवसाचा आकडा त्याच यादीत टिपावा. भाडे बँकेतून घ्यावे. रोख घेतल्यास पावती द्यावी. पावती दोघांचेही रक्षण करते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. जात-आडनाव विचारत बसण्यापेक्षा उत्पन्न विचारावे आणि आधीच्या घरमालकाशी दोन शब्द बोलावेत.

शेवटची गोष्ट वागणुकीची. भाडे थकले म्हणून नळ बंद करणे, वीज तोडणे, कुलूप लावणे हे बेकायदेशीर आहे. न्यायाची बाजू असलेला मालक अशा एका कृत्याने आरोपी ठरतो. थकबाकीची मागणी लेखी नोटिशीने करावी. आणि गळते छप्पर भाडेकरूने तीनदा सांगण्यापूर्वी दुरुस्त करावे. आपण भाडे घेतो ते भिंतींचे नव्हे, निवाऱ्याचे.

आतेभावाची मुले आता परगावी आहेत आणि त्या दोन खोल्या त्याने पुन्हा भाड्याने दिल्या आहेत. इस्पितळात नोकरी करणारे एक तरुण जोडपे राहावयास आले, तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. आधी किरायानामा मोठ्याने वाचला, यादीतला शेवटचा दिवा लावून पाहिला, दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. मग वहिनींनी चहा ठेवला. या क्रमाने कोणाचाही अपमान झालेला मला दिसला नाही.