तारेने बोलावं म्हणून

1920 च्या दशकात अमेरिकेतल्या नृत्यगृहांमधले वाद्यवृंद मोठे होत गेले आणि गिटारवादकाची पंचाईत झाली. एकीकडे ट्रम्पेट गर्जत, दुसरीकडे ड्रम धडधडत. मधे बसलेला गिटारवाला बोटं सोलवटेपर्यंत तारा छेडी, तरी त्याचा सूर गर्दीत विरून जाई. टेक्सासमध्ये जन्मलेला जॉर्ज बोशॅम्प हा त्यांच्यापैकीच एक. मांडीवर आडव्या ठेवलेल्या हवाइयन गिटारवर पोलादी कांडी सरकवत तो रंगमंचावर पोट भरायचा. आपलं वादन कुणाला ऐकूच जात नाही, हे शल्य त्याला गप्प बसू देईना.

त्याने लॉस एंजेलिसमधल्या जॉन डोपेरा या वाद्यकारागिराला गाठलं. पहिला प्रयत्न अजब होता: गिटारच्या खाली ग्रामोफोनचा कर्णा! तो साफ फसला. मग डोपेराने वाद्याच्या पोटात ॲल्युमिनियमचे तीन पातळ शंकू बसवले. आवाज खणखणीत झाला, ‘नॅशनल’ या नावाने कारखाना उभा राहिला, गिटार खपू लागल्या. पण भागीदारांमध्ये वितुष्ट आलं आणि 1931 मध्ये बोशॅम्पला त्याच कारखान्यातून बाहेर पडावं लागलं. मंदीने देश पोळत होता. दुसरा कुणी असता तर गुमान मिळेल त्या कामाला लागला असता.

बोशॅम्पच्या डोक्यात मात्र विजेने ठाण मांडलं होतं. तो वीजशास्त्राच्या रात्रवर्गांना जाऊन बसला होता. लाकडाच्या ओंडक्यावर एकच तार ताणून तिच्याखाली ग्रामोफोनचा पिकअप लावून पाहणं चालू होतं. गिटारला मायक्रोफोन जोडावा, ही तेव्हाची सरधोपट वाट. पण मायक्रोफोन लाकडाची थरथर आणि आजूबाजूचा गोंगाटही गोळा करी. बोशॅम्प आणि त्याचा सहकारी पॉल बार्थ यांनी लाकडाला प्रश्नातूनच वगळलं. कंप पावते ती तार. तार पोलादाची आहे. मग हवेला मधे घालायचंच कशाला? चुंबकाच्या प्रभावक्षेत्रात तार हलली, की शेजारच्या तांब्याच्या वेटोळ्यात वीज उमटेल आणि ती थेट ध्वनिवर्धकाकडे जाईल. मला या साऱ्या कथेतला खरा साक्षात्कार हाच वाटतो.

कल्पना सुचली तरी वेटोळं गुंडाळणं जिकिरीचं होतं. तांब्याची बारीक तार हजारो वेढ्यांनी लपेटायची. त्यासाठी कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर कामी लावली गेली. बार्थच्या आठवणीप्रमाणे शेवटी शिलाई मशीनच्या मोटरीने काम तडीस नेलं. नालाच्या आकाराचे दोन चुंबक तारांना कवेत घेऊन बसले आणि यंत्रणा बोलू लागली. लगोलग जुना सोबती हॅरी वॉटसन याने मेपलच्या लाकडातून काही तासांत, हातातल्या छोट्या हत्यारांनी आणि कानशीने, एक गोल पोट आणि लांब मान कोरून काढली. दांडा असलेल्या तव्यासारख्या दिसणाऱ्या या वाद्याला ‘फ्राइंग पॅन’ हेच नाव चिकटलं.

ॲडॉल्फ रिकेनबॅकर या उद्योजकाच्या कारखान्यात 1932 मध्ये ते ॲल्युमिनियममध्ये ओतलं जाऊ लागलं. पहिल्या वर्षी जेमतेम डझनभर गिटार विकल्या गेल्या. रंगमंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने धातू प्रसरण पावे आणि तारा सुरातून ढळत. पेटंट कार्यालयाला तर हे वाद्य आहे की विजेचं उपकरण, हेच उमगेना. त्यातून आवाज खरोखर निघतो का, अशीही शंका निघाली. अखेर सोल हूपी या नामांकित हवाइयन गिटारवादकासह काही कलावंतांना वॉशिंग्टनला पाठवलं गेलं. त्यांनी परीक्षकांसमोर वाद्य वाजवून दाखवलं. पेटंट मिळालं ते 1937 च्या ऑगस्टमध्ये. तोवर प्रतिस्पर्ध्यांनी बाजार गाठला होता. 1941 मध्ये खोल समुद्रात मासेमारी करत असताना बोशॅम्प हृदयविकाराने गेला.

त्याची तार मात्र मुंबईत पोचली. कांडी सरकवली की एका सुरातून दुसऱ्यात अलगद जाता येतं, म्हणजे मींड घेता येते. आपल्या संगीताला हवं होतं ते नेमकं हेच. लखनौचा वादक व्हॅन शिप्ले मुंबईच्या चित्रसृष्टीत आला आणि त्याने आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार स्वतःच्या आराखड्याप्रमाणे घडवून घेतली. त्याच्या आणि हजारा सिंग या गिटारवादकाच्या तबकड्यांमुळे चित्रगीतांच्या चाली शब्दांविना घरोघरी गेल्या. वऱ्हाडातल्या कामरगावासारख्या ठिकाणी, जिथे रेडिओ होता तिथे, हा सूर ओळखीचा झाला.

स्वतःच्या नावाच्या तबकड्या अशा मोजक्यांच्याच वाट्याला आल्या. चित्रगीताच्या तबकडीवर गायक, गीतकार, संगीतकार यांची नावं असत. गिटारवाल्याचं सहसा नसे. ‘हरे राम हरे कृष्ण’ हा चित्रपट 1971 मध्ये आला आणि त्यातल्या ‘दम मारो दम’ या गाण्याच्या आरंभीच्या गिटारने देश हलला. ती वाजवली होती भूपिंदर सिंग यांनी. ‘मौसम’ चित्रपटातला त्यांचा धीरगंभीर गळा ओळखणारे लाखो रसिक आहेत. त्या गिटारचे सूरही त्याच लाखोंना तोंडपाठ आहेत, आणि ते कुणाच्या बोटांतून निघाले हे त्यांतल्या फारच थोड्यांना ठाऊक आहे.