मुलं, पडदा आणि बाजार (लेखांक ४) : टाळ्या कशाला मिळतात?

जाहिराती मुलांना गिऱ्हाईक कसं बनवतात, ते मागच्या लेखांकात पाहिलं. पण मूलच जेव्हा विकाऊ कार्यक्रमाचा भाग होतं, तेव्हा?

टीव्हीवरच्या नृत्यस्पर्धेत सात-आठ वर्षांची मुलगी सिनेमातल्या नायिकेच्या गाण्यावर नाचते. बोल शृंगाराचे, हावभाव नृत्यदिग्दर्शकाने बसवून दिलेले. त्यांचा अर्थ तिला ठाऊक नसतो. परीक्षक उभं राहून टाळ्या वाजवतात, प्रेक्षकांत बसलेली आई डोळे पुसते आणि नेमकी कशाला दाद मिळाली, हे त्या मुलीच्या पक्कं लक्षात राहतं. घरी बघणारी तिच्या वयाची मुलंही तेच उचलतात. मग गणपतीच्या मांडवात आणि शाळेच्या गॅदरिंगमध्ये तीच गाणी वाजू लागतात.

माहिती व प्रसारण मंत्रालयाने याची दखल घेतली होती. मोठ्यांसाठी बसवलेले सूचक हावभाव लहान मुलांकडून करवून घेतले जातात आणि कोवळ्या वयात त्याचा वाईट परिणाम होतो, असं जून २०१९ मध्ये मंत्रालयाने खासगी वाहिन्यांना कळवलं आणि संयम पाळायला सांगितलं. पण ती सूचना होती. कोणतं गाणं चालेल आणि कोणतं नाही, हे ठरवणं वाहिनीकडेच राहिलं.

याउलट कामाचे तास आणि पैसा यांबाबत कायदा काटेकोर आहे. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यावर सरसकट बंदी आली, मात्र बालकलाकारांना अटींवर सूट मिळाली. २०१७ च्या नियमांनुसार चित्रीकरणासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. कमाईचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. मुलाच्या मनाविरुद्ध त्याला उभं करता येत नाही.

पण लाडक्या परीक्षकांसमोर, आईबाबांच्या देखत आठ वर्षांचं मूल ‘मला हे गाणं नको’ असं म्हणेल कसं? म्हणून गाणं आणि वेशभूषा यांची तपासणी चित्रीकरणाआधीच, निर्मात्याशी संबंध नसलेल्या बालमानसतज्ज्ञाकडून झाली पाहिजे. मुलांच्या वयाला शोभेल असं काही मिळत नाही, ही सबब मराठीत तरी टिकणारी नाही. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ सुरू केलं आणि खास मुलांसाठी लिहिलेली नाटकं दिमाखात रंगमंचावर आणली.

पालकांनाही करता येण्यासारखं बरंच आहे. स्पर्धेचा अर्ज भरण्याआधी गाणं कोण निवडणार, हे विचारता येतं. खटकणाऱ्या कार्यक्रमाची तक्रार करता येते. २०२१ च्या नियमांनुसार तिचा निकाल वाहिनीने पंधरा दिवसांत द्यायचा असतो. तक्रारीत कार्यक्रमाचं नाव, तारीख आणि वेळ जरूर लिहावी.

पुढील लेखांकात : ओटीटीवरचं ‘१३+’ आणि पालकांच्या हातातलं कुलूप.