एकामागून एक तीन गाड्या : चूक कोणाची, भरपाई कोणाची?



धान विकायला निघालेल्या बंड्यांची रांग आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिली असेल. पुढची बंडी थांबली की मागचे बैल आपोआप थांबत. धुरकऱ्याला डुलकी लागलेली असली तरी बैल जागे असत. फार तर मागच्या बैलाचे तोंड पुढच्या बंडीतल्या तणशीला लागे, आणि त्यात बैलाचा फायदाच होई! मोटारीचे तसे नाही. मोटारीला स्वतःची अक्कल नाही. ती चालवणाऱ्याची अक्कल, आणि तीही वेळेवर लागते.

आज आपल्या गोंदिया जिल्ह्यातून सडक अर्जुनी, कोहमारा, देवरी या बाजूने राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ छत्तीसगडाकडे जातो. मोठाले ट्रक, मोटारी, फटफटी आणि ट्रॅक्टर-ट्रॉली हे सारे त्याच रस्त्यावर. अशा रस्त्यावर एकामागून एक गाड्या आदळल्या, तर चूक कोणाची आणि नुकसानभरपाई कोणी द्यायची, हा आजचा आपला विषय आहे.

आपण एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. हिवाळ्याची सकाळ, धुके पडलेले. पुढे भाजीची पिकअप, तिच्यामागे एका गुरुजींची मोटार, आणि मोटारीमागे ट्रक. समोरून गाय आडवी आली म्हणून पिकअपवाल्याने ब्रेक दाबला. गुरुजींनीही दाबला. ट्रकवाल्याला मात्र गाडी आवरली नाही. ट्रक मोटारीवर आदळला आणि मोटार पिकअपवर. मागे बसलेल्या गुरुजींच्या मुलीच्या हाताला जबर मार लागला. लोक जमले. पिकअपवाला गुरुजींना म्हणतो, "मला तुम्ही ठोकले, तुम्ही भरा." ट्रकवाला पाच हजारांच्या नोटा पुढे करतो आणि म्हणतो, "गुरुजी, घ्या आणि या कागदावर सही करा. पोलीस-कचेरी कशाला?" गुरुजी घाबरलेले, मुलगी रडते आहे. अशा वेळी माणूस सही करून मोकळा होतो, आणि पुढे हाताचे ऑपरेशन निघाले की कपाळावर हात मारून घेतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. वाहन कसे चालवावे याचे केंद्र सरकारचे विनियम २०१७ साली आले. त्यांत दोन गोष्टी जोडीने सांगितल्या आहेत. मागच्याने एवढे अंतर ठेवावे की पुढचा एकाएकी थांबला तरी आपल्याला सुरक्षित थांबता यावे. आणि पुढच्याने सबळ कारणावाचून एकाएकी ब्रेक दाबू नये. लोकांना पहिला अर्धा भाग ठाऊक असतो. दुसरा अर्धा विसरला जातो.

हे अंतर किती, याचे गणित शिक्षकबंधूंनी वर्गात फळ्यावर मांडावे असे आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरला, तर तेवढ्यात गाडी १७ मीटर गेलेली असते. पुढे ब्रेक चांगले आणि रस्ता कोरडा असला तरी थांबायला आणखी सुमारे २० मीटर लागतात. म्हणजे एकूण ३७ मीटर. वेग ८० केला की हाच आकडा ५७ च्या घरात जातो. भरलेल्या ट्रकला किंवा ओल्या रस्त्यावर याहूनही जास्त. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले होते. त्यात पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक दाबला आणि मागची मोटार त्याच्यावर आदळली. मोटारीने ठेवलेले अंतर होते अवघे दहा-पंधरा फूट! न्यायालयाने सुरक्षित अंतर न ठेवल्याचा दोष मोटारचालकाच्या पदरी टाकला.

तेव्हा "मागचा तो चुकला" हा लोकांचा समज पुष्कळदा बरोबर ठरतो. पण तो आरंभ आहे, निकाल नव्हे. तीन गाड्या गुंतल्या की धडकाही दोन होतात, आणि प्रत्येक धडकेचा हिशेब निराळा करावा लागतो. गुरुजी पिकअपच्या मागे सुखरूप थांबले होते आणि ट्रकने त्यांना पुढे ढकलले, तर पिकअपचे नुकसानही ट्रकच्या माथी. पण गुरुजी आधी स्वतःच पिकअपवर आदळले आणि नंतर ट्रक त्यांच्यावर आला असेल, तर पहिल्या धडकेपुरते गुरुजी जबाबदार, आणि दुसरीपुरता ट्रक.

हे ओळखायचे कसे? सर्वांत पुढच्या गाडीवाल्याला एक साधा प्रश्न विचारावा : "तुम्हाला धक्के किती बसले?" एकच धक्का बसला असेल, तर मधली गाडी बहुधा मागून ढकलली गेली. दोन बसले असतील, तर मधली आधी स्वतः आदळली असण्याचा संभव मोठा. त्याला रस्त्यावरच्या चाकांच्या खुणा, फुटलेल्या काचा आणि गाड्यांचे फोटो यांची जोड दिली की चित्र पुरते स्पष्ट होते. म्हणून माणसे सुरक्षित झाल्यावर, गाड्या हलवण्यापूर्वी, मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढावेत. दुसऱ्या दिवशी तो पुरावा रस्त्यावर राहत नाही.

पुढच्याची चूक कधी धरतात, याचे बोलके उदाहरण तमिळनाडूतल्या कोईमतूरचे आहे. जानेवारी २०१७ मध्ये एका मोटारचालकाने महामार्गावर मधेच गाडी थांबवली. बरोबरच्या गर्भवती पत्नीला मळमळत होते, हे त्याने दिलेले कारण. मागून येणारा मोटारसायकलवरचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी मोटारीवर आदळून पडला आणि त्यामागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली. पाय कापावा लागला. दावा न्यायाधिकरणाने मोटारीला दोषमुक्त केले होते. उच्च न्यायालयाने तिच्यावर ४० टक्के दोष ठेवला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेवटची वाटणी केली : मोटार ५० टक्के, बस ३० टक्के, आणि पुरेसे अंतर न ठेवणारा, वैध परवाना नसलेला विद्यार्थी २० टक्के. भरपाई सुमारे १ कोटी १४ लाख रुपये ठरली. त्यातून त्याचे वीस टक्के वजा जाऊन सुमारे ९१ लाख रुपये दोन्ही गाड्यांच्या विमा कंपन्यांनी द्यायचे ठरले. महामार्गावर थांबायचे तर मागच्यांना इशारा देणे हे चालकाचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने बजावले.

यावरून आपल्या ट्रॉलीवाल्या शेतकरीबंधूंनी बोध घ्यावा. रात्री ट्रॉली नादुरुस्त झाली म्हणून मागे तांबडा दिवा नाही, चकाकणारी पट्टी नाही, अशी ती रस्त्यातच सोडून घरी जाणे फार महागात पडू शकते. कर्नाटकात एक चौदा चाकी ट्रक असाच अंधारात, इशाऱ्यावाचून, महामार्गावर सोडून दिलेला होता आणि मोटार त्याच्यावर आदळली. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटारचालकावर टाकलेला निम्मा दोष काढून टाकला. आणखी एक मोलाची गोष्ट त्या निकालात आहे : गाडीत बसलेल्या प्रवाशांच्या भरपाईतून त्यांच्या चालकाच्या चुकीपोटी कपात करता येत नाही. गुरुजींकडून काही चूक झाली असेल, तरी तिचा भार मुलीच्या दाव्यावर पडत नाही.

दोघा वाहनचालकांच्या चुकीने तिसऱ्याला इजा झाली, तर त्या तिसऱ्याने दोघांच्या दारात खेटे घालण्याची गरज नाही. कोणा एकाकडून पूर्ण रक्कम मागता येते; मग त्या दोघांनी आपापसात वाटून घ्यावी. हे २०१५ सालच्या निकालाने स्पष्ट झाले आहे.

"ब्रेक निकामी झाले हो, मी काय करू?" ही सबबही नेहमी ऐकू येते. ब्रेक निकामी झाले एवढे म्हणून भागत नाही. गाडीची निगा नीट राखली होती, तरीही दोष कळण्याजोगा नव्हता, हे मालकाला दाखवावे लागते. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या नवले पुलाजवळ एका ट्रकने अनेक गाड्यांना धडका दिल्या. चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे तेव्हा तपासात पुढे आले. इंजिन बंद पडले की ब्रेकसाठी लागणारी हवा भरली जाणे थांबते. थोडे डिझेल वाचवण्यासाठी केलेली अशी युक्ती किती जणांच्या जिवावर बेतते पाहा.

आता विम्याचे पाहू. ज्याला लोक 'थर्ड पार्टी' म्हणतात, तो विमा कायद्याने सक्तीचा आहे. आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर तो भरून देतो. आपल्या गाडीच्या पत्र्याला त्यातून एक पैसाही मिळत नाही. 'फुल' विमा असेल तर आपली गाडी आपली कंपनी दुरुस्त करून देते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा सक्तीचा विमा एकदम मिळतो. त्यामुळे मुदत संपल्याचे पुष्कळांच्या ध्यानातच राहत नाही. घरी गेल्यावर पॉलिसी काढून तारीख जरूर पाहा. विमा संपलेला असताना आपली चूक निघाली, तर ती रक्कम शेती विकूनही पुरी पडायची नाही. शेतीकामाच्या नावाने विमा उतरवलेल्या ट्रॉलीत वऱ्हाड बसवले, तरी विमा कंपनी हात वर करू शकते.

अपघात झाला तर काय करावे? आधी जखमी माणूस, मग गाडी. ११२ क्रमांकावर फोन करावा. मे २०२५ पासून अपघातग्रस्तांसाठी सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोख पैसे न भरता उपचारांची केंद्राची योजना लागू आहे. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्या भल्या माणसाला कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा भिऊ नये. सर्व गाड्यांचे क्रमांक आणि साक्षीदारांची नावे टिपून घ्यावीत, पोलिसांत खबर द्यावी, विमा कंपनीला लगेच कळवावे. पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत दावा न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. दाव्याला कायद्याने सहा महिन्यांची मुदत सांगितली आहे. अपघात नागपूरला किंवा हैदराबादला झाला, तरी दावा आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही लावता येतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करावी. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तेथे विनामूल्य मदत मिळते.

आणि आपल्या गुरुजींचे काय? ते थांबले होते. पिकअपवाल्याला धक्का एकच बसला होता. म्हणजे पिकअपचे, मोटारीचे आणि मुलीच्या हाताचे, तिन्ही नुकसान ट्रकच्या विम्याकडून मागण्याचा त्यांना आधार आहे. फक्त त्यांनी त्या कागदावर सही करू नये. पाच हजारांची रक्कम हातात पडताना मोठी दिसते, पण पोरीचा हात जन्मभराचा असतो. शांतपणे म्हणावे, "भाऊ, भांडण नाही. पोलीस येऊ द्या, पंचनामा होऊ द्या, ज्याचे त्याचे ज्याच्या त्याच्या पदरात पडेल."