घड्याळाचा पट्टा

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन शेजारी तालुके. एकोणिसाव्या शतकात खोदलेला नीरा डावा कालवा या दोन्ही तालुक्यांतून वाहतो आणि त्याच्या पाण्यावर उसाचे मळे उभे राहतात. या पाण्याची पाळी दिवसा येते, तशी रात्री-अपरात्रीही येते. माळेगावच्या किंवा भवानीनगरच्या साखर कारखान्यात जाणाऱ्या कामगारालाही आपली पाळी सांभाळावी लागते. वेळ पाहण्यास आता मोबाइल आला आहे हे खरे; परंतु दारे धरताना चिखलाने भरलेल्या हातांनी खिशातील मोबाइल काढण्यापेक्षा मनगटाकडे दृष्टी टाकणे केव्हाही सोपे.

या भागातील कित्येक घरांत वडिलांचे किंवा आजोबांचे चावीचे घड्याळ अजून जपून ठेवलेले आढळते. बंगळूर येथील हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कारखान्याने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ साली मनगटी घड्याळे तयार करण्यास प्रारंभ केला. त्याचे ‘एच. एम. टी.’ हे नाव पुढे खेडोपाडी पोहोचले. २०१६ साली केंद्र शासनाने ही घड्याळ-कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. घराघरांत उरलेल्या त्या घड्याळांचे मोल त्यामुळे अधिकच वाढले आहे. अशा घड्याळाचे यंत्र पुष्कळदा सुस्थितीत असते. जीर्ण होतो तो त्याचा पट्टा.

पट्टा लवकर का झिजतो, याचे कारण हवेत आणि कामात आहे. उन्हाळ्यात येथे उष्मा कडक असतो. घामात मीठ असते. चामडे तो घाम शोषून घेते, मग वाळते, पुन्हा भिजते आणि अखेरीस कडक होऊन तडकते. पोलादी साखळी अशी तडकत नाही. परंतु तिच्या कड्यांच्या सांध्यांत घाम आणि धूळ साचून त्यांचा चिकट मळ होतो. हा मळ बारीक रेतीसारखा काम करतो व सांधे झिजवतो.

पूर्वी घड्याळ खिशात ठेवीत व त्याला साखळी लावीत. १९१४ ते १९१८ या काळात चाललेल्या पहिल्या महायुद्धात सैनिकांना दोन्ही हात मोकळे हवे होते. खंदकात उभे राहून खिशातून घड्याळ काढणे त्यांना गैरसोयीचे होई. तेव्हा घड्याळाच्या डबीला तारेच्या कड्या डाखून त्यांतून चामड्याचा पट्टा ओवण्याची पद्धत रूढ झाली. या कड्या पक्क्या जोडलेल्या असत. त्यांच्या जागी पुढे निघणारी दांडी आली आणि पट्टा बदलणे सुलभ झाले.

ही दांडी म्हणजे एक लहानशी युक्ती आहे. घड्याळाच्या डबीला वर दोन आणि खाली दोन असे चार कान असतात. प्रत्येक कानाच्या आतील बाजूस एक बारीक छिद्र असते. दांडी ही एक पोकळ नळी असून तिच्या आत स्प्रिंग असते. या स्प्रिंगमुळे नळीची दोन्ही टोके बाहेर रेटली जातात व कानांच्या छिद्रांत बसतात. टोक आत दाबले की दांडी सुटते. सोडले की पुन्हा अडकते. टोकाजवळ एक उंच कडा ठेवलेली असते, ती हत्याराने पकडण्यासाठी. सारे घड्याळ अशा दोन दांड्यांच्या आधारावर मनगटाला लटकलेले असते. दांडी गंजून मोडली, तर कालव्याच्या काठी हात धुताना पन्नास वर्षांचे घड्याळ क्षणात पाण्यात जाऊ शकते.

पट्टा बदलताना घड्याळाची हानी होते, ती बहुधा उतावळेपणामुळे. घरातील सुरीचे टोक घालून दांडी उचकटण्याचा प्रयत्न केला जातो. सुरी निसटते आणि डबीवर किंवा काचेवर कायमचा ओरखडा उठतो. कधी दांडी सुटून उडते व जमिनीच्या भेगेत नाहीशी होते. कधी जोर लावल्याने कानाचे छिद्रच मोठे होते. मग कोणतीही नवी दांडी त्यात घट्ट बसत नाही. यांपैकी शेवटचा दोष सर्वांत वाईट, कारण तो दुरुस्त होणे अवघड असते.

म्हणून काम आरंभण्यापूर्वी थोडी तयारी करावी. उजेडाच्या जागी मेजावर मऊ जाड कापड अंथरावे. त्यावर घड्याळ काच खाली करून ठेवावे. कानांना आतून-बाहेरून चिकटपट्टी लावावी, म्हणजे हत्यार निसटले तरी ओरखडा उठणार नाही. दांडी काढण्याचे एका टोकाला दुबेळके असलेले लहान हत्यार मिळते, तेच वापरावे. हे हत्यार लोहचुंबकाला लागलेले नसावे. चावीच्या घड्याळात केसासारखी बारीक स्प्रिंग असते. चुंबकत्वाने तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे धावू लागते.

दुबेळक्याचे टोक पट्टा व कान यांच्या फटीत घालून दांडीच्या कडेला टेकवावे आणि दांडी कानापासून दूर, मध्याच्या दिशेने हळूच दाबावी. दुसऱ्या हाताचे बोट दांडीवर ठेवावे, म्हणजे ती उडणार नाही. काही जुन्या घड्याळांच्या कानांची छिद्रे आरपार असतात. तेथे बाहेरून बारीक टोक दाबले की दांडी सुटते. ज्या घड्याळांच्या दांड्या पक्क्या डाखलेल्या असतात, त्यांच्यावर मात्र बळ वापरू नये. त्यांना खालून ओवण्याचा अखंड पट्टाच लावावा.

नवा पट्टा घेताना दोन कानांमधील अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे. ते १८, २० किंवा २२ असे जे असेल, त्याच रुंदीचा पट्टा हवा. अरुंद पट्टा इकडून तिकडे सरकतो व दांडी झिजवतो. रुंद पट्टा दाबून बसवल्यास चुरगळतो. पट्ट्याबरोबर दांड्याही नव्या घालाव्यात. बकल असलेला आखूड भाग बारा या अंकाच्या बाजूस व भोके असलेला लांब भाग सहाच्या बाजूस लावावा. दांडीचे एक टोक आधी छिद्रात बसवावे, मग दुसरे दाबून जागेवर सोडावे. दोन्ही बाजूंनी टोके बसल्यावर पट्टा हलकेच ओढून व मुरडून पाहावा. ही परीक्षा मऊ गादीवर करावी.

पोलादी साखळी सैल असल्यास तिच्या काही कड्या काढाव्या लागतात. पुष्कळ साखळ्यांच्या आतील बाजूस बाणाच्या खुणा असतात. पिन बाणाच्या दिशेने बाहेर ठोकावी आणि परत घालताना बाणाच्या उलट दिशेने घालावी. कड्या दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारख्या काढाव्यात, नाहीतर बकल मनगटाच्या एका कडेला जाते. काढलेल्या कड्या टाकून देऊ नयेत; पुढे मनगट भरले किंवा घड्याळ घरातील दुसऱ्याकडे गेले, तर त्या उपयोगी पडतात. साखळी धुवायची असल्यास ती घड्याळापासून वेगळी करून साबणाचे पाणी व मऊ ब्रश वापरावा. चामड्याचा पट्टा भिजल्यास उन्हात न ठेवता सावलीत वाळवावा.

एखादी दांडी गंजून छिद्रातच अडकली, तर हट्ट धरू नये. असे घड्याळ बारामतीच्या अथवा इंदापूरच्या बाजारपेठेतील जाणत्या घड्याळजीकडे न्यावे. डोळ्याला भिंग लावून बसलेला तो कारागीर आधी दांडीवर तेलाचा थेंब सोडतो आणि वाट पाहतो. तेल आत मुरल्याखेरीज तो हत्यार उचलत नाही. आजोबांचे घड्याळ नातवाच्या मनगटावर चालत राहायचे असेल, तर त्याच्यासारखीच थोडी वाट पाहण्याची तयारी हवी.