चाकणच्या गाडीतला पेंग्विन!

दोस्तांनो, चाकण म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? कांद्या-बटाट्यांचा बाजार? की ते लांबच लांब ट्रेलर, ज्यांच्यावर कोऱ्या करकरीत गाड्या दुमजली बसून ऐटीत निघालेल्या असतात?

मला मात्र हल्ली पेंग्विन दिसतो. काळा-पांढरा, गोलमटोल, पिवळ्या चोचीचा!

थांबा, थांबा, सांगते!

पिंपरी-चिंचवडच्या मुलांना गाडी कशी बनते हे काय सांगायचं? घरातलं किंवा शेजारचं कुणीतरी कारखान्यात जात असतंच. पिंपरीत टाटा मोटर्स. चाकणला महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ. पत्रा, काचा, टायर, वायरी हे सगळं दिसतं. पण गाडीत आणखी एक गोष्ट ठासून भरलेली असते. ती दिसत नाही, वाजत नाही आणि तिला वजनही नाही! ओळखा पाहू?

सॉफ्टवेअर!

सॉफ्टवेअर म्हणजे यंत्रासाठी लिहिलेली कृती. आजी कशी सांगते? ‘आधी डाळ शिजव, मग गूळ घाल, मग पुरण वाट.’ तसंच गाडीला सांगायचं: ब्रेक दाबला? मागचा लाल दिवा लाव! पट्टा लावला नाही? टिंग टिंग वाजव! आजच्या एखाद्या महागड्या गाडीत अशा सूचनांच्या सुमारे १० कोटी ओळी असतात म्हणे. एका पानावर २५ ओळी लिहिल्या, तर किती दोनशेपानी वह्या लागतील? तब्बल २०,०००! शाळेची अख्खी खोली भरेल की हो!

आता गंमत अशी, की कृती दोन प्रकारच्या असतात.

पहिली हॉटेलातल्या मिसळीसारखी. खा, पैसे द्या, बोटं चाटा. पण मसाल्यात काय आहे ते विचारायचं नाही! या झाल्या कुलूपबंद कृती. दुसरी आजीच्या वहीसारखी. वही ओट्यावर उघडीच! शेजारच्या काकू येतात, कृती उतरवून घेतात आणि थोडं जायफळ वाढवतात. याला म्हणतात ओपन सोर्स.

ही वही उघडी ठेवायचं वेड आलं कुठून? एका प्रिंटरमधून! अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे प्रोग्रॅमर होते. तिथल्या नव्या प्रिंटरमध्ये कागद सारखा अडकायचा. स्टॉलमन म्हणाले, कृती दाखवा, मी सुधारतो. उत्तर आलं, नाही मिळणार! स्टॉलमन असे चिडले, की १९८३ मध्ये त्यांनी उघड्या कृतींची चळवळच सुरू केली. त्यांनी एक झकास अटही घातली. आमची कृती घ्या, बदला, विकासुद्धा. पण बदललेली कृती पुढे दिलीत, तर तुमची वहीही उघडी ठेवा!

मग १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने एक कृती लिहिली आणि सगळ्यांना देऊन टाकली. तिचं नाव लिनक्स. तिचं चिन्ह? पेंग्विन!

मोठ्या कंपन्यांना ते मुळीच आवडलं नाही. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखांनी लिनक्सला चक्क कॅन्सर म्हटलं. बाप रे! पण पुढे काय झालं असेल? २०१६ मध्ये तीच मायक्रोसॉफ्ट लिनक्सच्या संस्थेची सभासद झाली! आज जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक लिनक्सवर चालतात. पाचशेच्या पाचशे! तुमच्या घरातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सच आहे.

आणि गाडीत? मर्सिडीज-बेंझने २०१८ मध्ये नव्या गाड्यांच्या पडद्यासाठी एमबीयूएक्स ही यंत्रणा आणली. तिच्या पोटात पुन्हा आपला पेंग्विन!

पण सामना अजून संपलेला नाही हं. गाड्यांमध्ये क्यूएनएक्स नावाची एक कुलूपबंद कृतीही आहे, ब्लॅकबेरी या कॅनडातल्या कंपनीची. ती २० कोटींहून जास्त गाड्यांमध्ये बसलेली आहे! कारण गाडीत नुसतं गाणं लावायचं नसतं. गाडी सांभाळणाऱ्या यंत्रणेने ठरल्या क्षणी, न चुकता काम करावंच लागतं. खो-खोत ‘खो’ मिळाल्यावर विचार करत बसलं तर कसं चालेल? असा अचूकपणा सिद्ध करून दाखवण्यात क्यूएनएक्सचा हातखंडा आहे. लिनक्सवाले तिथे पोहोचायला अजून धडपडताहेत.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. मर्सिडीज-बेंझ आणि फोक्सवॅगन, दोघींचेही कारखाने चाकणला. दोघी एकमेकींच्या स्पर्धक! पण जून २०२५ मध्ये जर्मनीत ११ कंपन्यांनी हात मिळवले. त्यात या दोघीही होत्या. आणि बीएमडब्ल्यूसुद्धा! त्यांनी ठरवलं, की गाडीत बसणाऱ्याला सॉफ्टवेअरचा जो भाग जाणवतच नाही, तो पायाभूत भाग मिळून लिहायचा आणि उघडा ठेवायचा. प्रत्येकीने तेच ते वेगवेगळं का लिहावं? क्रिकेटचं मैदान सगळ्यांनी मिळून आखायचं आणि मग एकमेकांविरुद्ध दणकून खेळायचं, तसंच हे! मला तर हा फार शहाणपणाचा निर्णय वाटतो.

पेंग्विन स्वतः पकडायचा आहे? सोप्पं आहे! घरातल्या मोठ्यांना विचारून अँड्रॉइड फोनची सेटिंग्ज उघडा. ‘अबाउट फोन’मध्ये कायदेशीर माहितीच्या आत ओपन सोर्स परवान्यांची यादी लपलेली असते. पुष्कळ गाड्यांच्या पडद्यावरही ती असते, पण ती गाडी उभी असतानाच बघायची हं! यादी इतकी लांब असते, की बोट दुखेल. ज्यांनी आपली वही तुमच्यासाठी उघडी ठेवली, त्यांची नावं त्यात आहेत. त्यातली पाच नावं आजच वहीत लिहून काढा!